मर्ल ओबेरॉन आपल्या मुंबईची

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर आम्ही चार ओळींची एक सूचना छापली होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी गंगापूर रोडवर, जेहान सर्कलजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे आम्ही काहीजणी जमतो आणि १९३० ते १९६० या काळातले हॉलिवूडचे सिनेमे बघतो. ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी कळवावं, एवढंच तिच्यात होतं. त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी पोटगीच्या विशेषांकालाही आली नव्हती. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण ते खरं आहे.

बहुतेक पत्रं आनंदाची आहेत. जळगावच्या एका आजींनी इन्ग्रिड बर्गमनचं मासिकातून कापलेलं चित्र लग्नानंतर सव्वीस वर्षं ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं. नवऱ्याला कधी कळलं नाही, आणि कळलं असतं तर काय बिघडलं असतं तेही आता आठवत नाही, असं त्या लिहितात. मुंबईहून एकीने मेट्रोत भावाच्या सोबतीने पाहिलेल्या सिनेमांची यादीच पाठवली आहे. भाऊ सोबत नसता तर यादी कोरी राहिली असती, अशी तिची तळटीप आहे.

एक पत्र मात्र रागाचं आहे. परभणी जिल्ह्यात एकल महिलांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्तीचं. ती विचारते, 'इथे बायका रेशन कार्डावर नाव लागावं म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवतात आणि तुम्ही शहरातल्या बायका गोऱ्या नट्यांचे सिनेमे बघता. बघा, पण चळवळीच्या अंकात त्याची जाहिरात कशाला?' पत्र तिने मोकळेपणाने लिहिलं आहे. त्याला उत्तरही तसंच द्यायला हवं, म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

सोपं उत्तर माझ्या हाताशी आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही १९४४ चा 'गॅसलाइट' पाहिला. नवरा घरातल्या वस्तू हलवतो, गॅसचे दिवे मंद होतात, बायको विचारते तेव्हा असं काही झालंच नाही म्हणतो. हळूहळू तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा, आठवणीवरचा विश्वास उडतो. ती भूमिका बर्गमनने केली आणि तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सिनेमा संपल्यावर आमच्यातली एक, जी एरवी चहा झाला की लगेच निघते, ती अर्धा तास बोलत राहिली. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, मग तक्रार कसली करायची, असं तिला आजवर वाटत आलं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळाचा शब्द आहे हे तिने आमच्याच अंकात वाचलं होतं. पण त्या शब्दाला चेहरा मिळाला तो त्या दुपारी. आता सल्ला केंद्रातल्या आमच्या दोघी त्या सिनेमातले दोन प्रसंग प्रशिक्षणात दाखवतात.

पण हे उत्तर देऊन मोकळं होणं मला पटत नाही. 'गॅसलाइट' उपयोगी पडला म्हणून आमच्या शनिवारला परवानगी मिळावी, असा त्याचा अर्थ होतो. बाईने काहीही केलं की त्याचा उपयोग काय, हे आधी सांगायचं. विणकाम केलं तर स्वेटर होतो, भजनाला गेली तर पुण्य लागतं, बचत गटात बसली तर कर्ज मिळतं. तीन तास नुसतं बसून बेटी डेव्हिसचे डोळे बघायचे, कॅथरीन हेपबर्न पुरुषांना भराभर उत्तरं देते तेव्हा मोठ्याने हसायचं, यातून काहीच होत नाही, आणि म्हणून ते आम्हाला मोलाचं वाटतं. क्रिकेटच्या सामन्यापुढे दिवसभर बसणाऱ्या पुरुषाला चळवळीच्या दृष्टीने तुझा उपयोग काय, असं आपण विचारत नाही. त्याच्या चहाचा कप मात्र आपण उचलतो.

आणि नाशिकला तर सिनेमाच्या हौसेचा इतिहास जवळचाच आहे. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी सिनेमा पाहिला आणि झपाटून गेले. पुन्हा पाहायला गेले तेव्हा सरस्वतीबाईंना बरोबर घेऊन गेले. तिथून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्माला आला आणि पुढे कंपनी नाशिकला आली. एका चाहत्याच्या वेडाची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, रसायनं कालवली, फिल्मला भोकं पाडली आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाक केला. पडद्यावर तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. दुसऱ्या सिनेमात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या. फाळक्यांना जे वेड लागलं तेच सरस्वतीबाईंनाही लागलं होतं का, हे त्यांना कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. पुरुषाचं वेड ध्येय ठरतं. बाईची हौस ट्रंकेत साड्यांखाली जाते.

आता पत्रातला दुसरा शब्द, 'गोऱ्या नट्या'. इथे मला मर्ल ओबेरॉनबद्दल सांगायचं आहे. या वर्षी आमच्या शनिवारांवर सगळ्यात जास्त सावली तिचीच पडली.

१९३९ च्या 'वुदरिंग हाइट्स'मधली कॅथी म्हणजे मर्ल. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. टास्मानियात जन्मलेली इंग्रज मुलगी, कागदपत्रं आगीत जळाली, असं स्टुडिओने जगाला सांगितलं. प्रत्यक्षात ती १९११ साली मुंबईत जन्मली. नाव एस्टेल मर्ल थॉम्प्सन, घरात क्वीनी म्हणायचे. पुढे कोलकात्यात वाढली, शाळेत अँग्लो-इंडियन म्हणून मुलींची बोलणी खाल्ली आणि १९२८ मध्ये युरोपला गेली. जिला ती आई समजत होती त्या शार्लट सेल्बी सावळ्या होत्या, मूळच्या सिलोनच्या. मर्ल नावारूपाला आल्यावर त्या तिच्या घरी राहिल्या, पण पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरल्या. १९३७ मध्ये त्या वारल्या. नंतर मर्लने त्यांचं एक तैलचित्र करून घेतलं आणि त्यात त्यांचा रंग उजळ काढायला लावला.

तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी जन्मदाखल्यावरून उलगडलं की शार्लट तिच्या आई नव्हत्याच. त्या आजी होत्या. मर्लला जन्म दिला तो शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने. तेव्हा तिचं वय बारा-चौदा वर्षांचं होतं. ज्या पुरुषाचं नाव बाप म्हणून लागलं तो शार्लटबरोबर राहणारा होता.

हे ऐकून खोलीत कोणी बोललं नाही. आपल्या केंद्रात अशा मुली येतात. त्यांचं बाळ आजीच्या नावावर वाढतं आणि त्या 'ताई' होऊन राहतात. कॉन्स्टन्सला पुढे आणखी मुलं झाली. त्यातला एक मुलगा मर्लला भेटायला अमेरिकेत तिच्या दारापर्यंत गेला, ती भेटली नाही. मला तिचा राग येत नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या माणसाला अमेरिकेत वस्तीला यायला बंदी होती, १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं होतं. सिनेमाच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या वंशाचे संबंध दाखवायला मनाई होती. चिनी वंशाची अॅना मे वाँग लॉस एंजलिसमध्येच जन्मलेली, पण 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरीण तिला मिळाली नाही, ती लुइझे रायनरने केली आणि ऑस्करही नेलं. खरं सांगून मर्लला कॅथी मिळाली नसती. १९७८ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, टास्मानियातल्या होबार्टला तिच्या सत्काराचा समारंभ झाला. तोवर ती ही गोष्ट वाहत होती. २०२३ मध्ये मिशेल योला ऑस्कर मिळालं तेव्हा पहिल्या आशियाई नामांकनाच्या चर्चेत मर्लचं नाव पुन्हा निघालं, तेही 'पण तिने कबूल केलं नव्हतं' अशा शेऱ्यासह.

गोरेपणाच्या क्रीमच्या नावातला 'फेअर' २०२० मध्ये गेला, 'ग्लो' आला. लग्नाच्या जाहिरातीतल्या मुलीचा रंग अजून बदललेला नाही. ज्या घरात आम्ही जमतो तिथली यजमानीण म्हणाली, 'माझ्या सासूने माझं लग्नातलं छायाचित्र रंगवणाऱ्याकडून गोरं करून आणलं होतं, ते अजून भिंतीवर आहे.' आम्ही सगळ्या उठून ते बघून आलो.

तेव्हा परभणीच्या मैत्रिणीला एवढं सांगावंसं वाटतं की आवडणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. जिच्यावर आपला जीव जडतो तिच्याविषयी सगळं कळून घ्यावंसं वाटतं, ती किती तास काम करायची, कोणत्या कागदावर सही करून बसली होती. बेटी डेव्हिस नको त्या भूमिकांना कंटाळून १९३६ मध्ये इंग्लंडला निघून गेली, तर वॉर्नर कंपनीने तिला कोर्टात खेचलं. कंपनीच्या वकिलाने तिला खोडकर पोर म्हटलं आणि ती हरली. ऑलिव्हिया द हॅविलँडचा सात वर्षांचा करार संपल्यावर, तिने नाकारलेल्या भूमिकांचे महिने कंपनीने वर जोडले. ती कोर्टात गेली. दोन वर्षं तिला काम मिळू दिलं नाही. १९४४ मध्ये तिने खटला जिंकला आणि कॅलिफोर्नियात तो नियम आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

आणि त्याच्याही पाच वर्षं आधी, १९३९ मध्ये, पुण्यात प्रभात कंपनीच्या फाटकाशी शांता आपटे उपोषणाला बसल्या होत्या, कराराच्याच भांडणावरून. 'कुंकू'मधली म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणारी नीरा पडद्यावरून उतरून फाटकाशी येऊन बसली असं लोकांना वाटलं असेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना या धंद्यात काय वाढून ठेवलं आहे, ते एका नटीने १९४० साली मराठीत छापलं. आपल्यापैकी कितीजणींनी ते पाहिलं आहे? मलयाळम सिनेमातल्या बायकांनी २०१७ मध्ये संघटना केली, न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला. तेव्हा 'आता बायका बोलू लागल्या' असे मथळे आले. आता?

राहता राहिलं आमचं घरातलं भांडण. 'गॉन विथ द विंड' दाखवायचा की नाही यावर तीन शनिवार वाद चालू आहे. गुलामगिरीला सुखाचा संसार म्हणून रंगवणारा सिनेमा आहे तो. आमच्यातल्या दोघी म्हणतात, पेशवाईचे गोडवे गाणारं नाटक आपण गटात ठेवलं असतं का? प्रश्न बिनतोड आहे. दुसऱ्या बाजूला घरकामगारांच्या संघटनेत काम करणारी मैत्रीण आहे. तिला तो हवा आहे तो हॅटी मॅक्डॅनियलसाठी. मॅमीचं काम करून ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी नटी. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तिला जाता आलं नाही आणि १९४० च्या समारंभात तिला भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवलं. तिने स्वतः लोकांच्या घरी कामं केली होती. मोलकरीण होण्यापेक्षा मोलकरणीचं काम पडद्यावर करून शंभरपट पैसे घेतलेले बरे, असं काहीसं ती टीकाकारांना सुनवायची असं सांगतात. 'ती वेगळी ताटली, वेगळा कप माझ्या बायका रोज बघतात,' मैत्रीण म्हणाली. 'त्यांना हॅटी दाखवायची आहे, स्कार्लेट गेली खड्ड्यात.' यावर स्कार्लेटवर जीव असलेल्या निवृत्त बाई रुसल्या. त्या रुसल्या की अडचण होते, कारण मध्येमध्ये सिनेमा थांबवून संवाद मराठीत सांगायचं काम त्यांचं.

शेवटी ठरलं ते असं. सिनेमा जवळजवळ चार तासांचा आहे, तो दोन शनिवारांत दाखवायचा. ज्या दोघींचा विरोध आहे त्या येणार नाहीत. का नाही, ते त्या पुढच्या अंकात लिहितील, त्यांच्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. घरकामगार मैत्रिणींच्या सोयीने वेळ दुपारी तीनऐवजी साडेचारची केली आहे, धुण्याभांड्याची दुसरी फेरी आटोपून त्यांना पोचता येईल. परभणीच्या मैत्रिणीने या लेखाला उत्तर लिहिलं तर तेही छापू, आणि ती नाशिकला आली तर राहण्याची सोय आमच्याकडे. खुर्च्या आठच आहेत. बाकीच्यांनी येताना सतरंजी आणावी.