लाझ्लोचा लार्सन
आम्ही जर्मन प्रेक्षक परदेशी चित्रपट जर्मन आवाजातच पाहतो. याला सगळे सोय म्हणतात. मला तो धोका वाटतो. १९५१ साली हिचकॉकच्या ‘नोटोरियस’मधले नाझी आमच्या पडद्यावर अमली पदार्थांचे व्यापारी झाले. १९५२ साली आलेल्या ‘कॅसाब्लांका’तून नाझी मेजर श्ट्रासर कापला गेला आणि नाझींशी झुंजणारा लाझ्लो लार्सन नावाचा नॉर्वेजियन शास्त्रज्ञ बनला. खरा ‘कॅसाब्लांका’ जर्मन आवाजात ऐकायला १९७५ उजाडले. मूळ आवाज ठेवला असता, तर लाझ्लोचा लार्सन करता आलाच नसता. आपला अपराध लपवायला आम्ही दुसऱ्यांची तोंडे वापरली. सबटायटल वाचताना डोळे थकतात, ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. थकू देत!