मोळी चालते, मग चेंडू का नाही?

‘हातपाय मोडला तर हिला कोण करून घेईल?’ थोरल्या भावाने ओसरीवर बसून हे विचारलं आणि घरातल्या एकाही बाईने त्याला उत्तर दिलं नाही. मीही नाही. त्या दिवशी गप्प बसले, म्हणून आज लिहिते आहे.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, सासर बारामतीचं. भाची पळण्यात वाऱ्यासारखी. शाळेत कबड्डी, खो-खो खेळायची. तिथल्या एका सरांनी तिचे पाय पाहिले आणि तिला रग्बी सेव्हन्सकडे वळवलं. एका बाजूला सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. लांबट चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवायचा. हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, मागून येणाऱ्या मैत्रिणीकडेच द्यावा लागतो. जिच्या हातात चेंडू, तिला धरून पाडता येतं, पण खांद्याच्या वर पकडायचं नाही. बायकांसाठी यात वेगळे, सौम्य नियम नाहीत. मैदान तेवढंच, वेळ तेवढाच. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तोही स्त्री-पुरुष दोघांसाठी एकदमच.

दहावीपर्यंत घरात कुणाची हरकत नव्हती. कारण खेळाचे वाढीव गुण मिळतात! गुणपत्रिका हातात पडली आणि भाचीचे बूट माळ्यावर गेले. मुलगा खेळला तर ते करिअर, मुलगी खेळली तर ती हौस. आणि हौस लग्नाआधी फिटली पाहिजे, असा आपल्याकडचा न लिहिलेला कायदा.

मैत्रिणींनो, या कायद्याची कलमं एकेक करून तपासू या.

पहिलं कलम, बाईचं शरीर नाजूक. आमच्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने आहेत. हंगामात कोयते येतात. ऊसतोडणी करणारी बाई पहाटे फडात उतरते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पोटुशी असली तरी चढते. तिचा पाय घसरेल म्हणून कुणी गाडी थांबवल्याचं मी पाहिलेलं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं २०१९ साली गाजली, तेव्हा कळलं की या शरीराची किती काळजी घेतली जाते ती. म्हणजे शरीर दुसऱ्यासाठी राबलं की ते कणखर, आणि स्वतःच्या आनंदासाठी धावलं की लगेच नाजूक!

दुसरं कलम, बाईने चारचौघांत पळू नये. तुकोबांची पालखी आमच्याच वाटेने जाते. बेलवाडीच्या रिंगणात डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात. तिथे आमचे भाऊ हात जोडून उभे असतात. मग तीच बाई गावच्या मैदानावर अर्धी विजार घालून धावली, तर त्याच भावांच्या नजरेला काय होतं? वर्ष सहा महिने घरात बोलणी चालली ती खेळावर नाही, गुडघ्यावर.

तिसरं कलम, सरावाहून येताना अंधार पडतो. खरं आहे, पडतो. एसटी वेळेवर येत नाही, हेही खरं. पण भाच्याला मोटारसायकल मिळाली आणि भाचीला ‘दिवेलागणीच्या आत घरी’ एवढंच मिळालं. अंधार दोघांनाही सारखाच असतो ना?

शेवटचं कलम, यातून मिळणार काय? पुण्याच्या नेहा परदेशी आणि वाहबिझ भरूचा या दोघी भारताच्या संघाच्या कर्णधार झाल्या. भारताच्या मुली २०१८ साली पंधरा जणींच्या रग्बीत पहिल्यांदा उतरल्या आणि २०१९ साली फिलिपिन्समध्ये सिंगापूरला २१-१९ असं हरवून आल्या. आपल्या किती घरांत ही बातमी वाचली गेली? पैशाचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत रग्बीची पहिली व्यावसायिक लीग झाली. सहा संघ, सगळे पुरुषांचे. मात्र हा दोष खेळणाऱ्या मुलीचा नाही, तिजोरी ज्यांच्या हाती आहे त्यांचा आहे.

आणि ठरवलं तर बदलतं. १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचे शरद पवार होते. २००६ साली महिला क्रिकेट क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आलं, तेव्हा मंडळाचे अध्यक्षही तेच. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या रात्री माझ्या भावाने फटाके वाजवले. दुसऱ्याच्या लेकीसाठी! घरातल्या लेकीचे बूट तेव्हाही माळ्यावरच होते.

मी स्वतः खो-खो खेळायचे. नववीत ‘आता पुरे’ म्हणाले आणि मी निमूट बसले. माझ्या आईनेही तेव्हा तोंड उघडलं नव्हतं. आपण बायका गप्प बसतो, म्हणून हा कायदा चालतो. त्यात आपला हिस्सा आहे, हे मान्य करायला हवं.

गेल्या रविवारी माहेरी गेले, शिडी लावली आणि बूट खाली काढले. भावाला म्हटलं, ‘दादा, हाड मोडलं तर सहा आठवड्यांत जुळतं. मन मोडलं ते माझं अजून जुळलेलं नाही.’ तो उठून गेला. वहिनी मात्र बूट पुसायला बसली. पुढे काय होईल, ते घरातल्या भांडणावर ठरेल. भांडायची माझी तयारी आहे.

बायांनो, ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा आपल्या आहेत. पुढच्या ग्रामसभेत मैदानाचा विषय काढा. रोज दोन तास मैदान फक्त मुलींसाठी, तिथे दिवे, कपडे बदलायला आडोसा, आणि सराव सुटण्याच्या वेळेला एसटी. एवढा ठराव मांडा. आणि ओसरीवरून तो जुना प्रश्न आला, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका.