विंचवाचे बिऱ्हाड

भिवंडीला सायकल नवीन नाही. यंत्रमागावर पाळीला जाणारा कामगार आणि दोन्ही अंगांना किटल्या अडकवून येणारा दूधवाला आपण रोज पाहतो. अलीकडे मात्र मुक्कामाचे सारे सामान सायकलवरच लादून आठ-आठ दिवस भटकण्याची आवड तरुणांत रुजते आहे. ‘बाइकपॅकिंग’ असे तिचे नाव. आवड उत्तम आहे, पण तिची चर्चा ‘बॅग कोणती घ्यावी?’ येथे सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. काय न्यायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो तडीस नेला व सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ साली ते मुंबईत परतले. त्यांच्याजवळ आजच्यासारखे हलके, जलरोधक सामान कोठून असणार? नायलॉनचा शोधच मुळी १९३५ सालचा! उलट, २०१८ साली १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीला आजची साधने लाभली. साधने निरुपयोगी आहेत असे कोणीच म्हणणार नाही. पण साधनांवाचून पाऊल अडते, हेही खरे नव्हे.

ओझ्याचे शास्त्र सोपे आहे. जड वस्तू, म्हणजे पाणी, पाने-पकड, धान्य, शक्य तितक्या खाली आणि दोन चाकांच्या मधोमध असाव्यात. झोपण्याचे हलके पण फुगीर सामान हँडलवर आणि कपडे सीटमागे. सारे वजन मागे लादले, तर कसारा घाटाच्या चढावर पुढचे चाक हलके पडते आणि उतारावर शेपूट डुलू लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हेही विसरू नये. दूधवाल्याला हे कोणी पुस्तकातून शिकवले नाही. दोन्ही बाजू समान, ओझे खाली, बांधणी घट्ट, हा त्याचा रोजचा पाठ आहे. तो पट्ट्याऐवजी जुन्या ट्यूबची पट्टी वापरतो, तीही आपल्याला चालेल. फक्त तिचे टोक आऱ्यांत जाता कामा नये.

कोणी म्हणेल, खडबडीत वाटेवर कॅरिअरचे नटबोल्ट ढिले होतात, पिशव्या खडखडतात. फ्रेमला घट्ट बसणाऱ्या बॅगाच बऱ्या. हे मान्य. परंतु डांबरी रस्त्याने नाशिक गाठणाऱ्याला साधे कॅरिअर, दोन मजबूत पिशव्या आणि आत प्लॅस्टिकचे अस्तर पुरेसे आहे. महागड्या बॅगा घेऊन पंक्चरचे सामान विसरणारा वाटेत अडतो. साध्या पिशवीवाला पुढे निघून जातो.

मला खटकते ते निराळेच. सुट्टीत गोदामात काम करून फी भरणारा आपला मित्र बॅगांच्या किमती ऐकतो आणि ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून गप्प बसतो. सायकल कामगाराची आणि सफर पैसेवाल्याची, अशी वाटणी आपण का होऊ द्यावी?

म्हणून दोन सूचना. पहिली, लांब जाण्यापूर्वी वज्रेश्वरीला एक रात्र मुक्काम करून यावे. परतल्यावर सामानाचे तीन ढीग करावेत : रोज लागलेले, एकदाच लागलेले आणि मुळीच न लागलेले. तिसऱ्या ढिगातील औषधे, पंप, ट्यूब आणि पंक्चरचे साहित्य तेवढे ठेवावे, बाकीचे घरी. दुसरी, महाविद्यालयाच्या जिमखान्याने क्रिकेटच्या बॅटींप्रमाणे दोन-तीन जोड पिशव्या, पंप आणि पान्यांचा संच विद्यार्थ्यांना वापरायला द्यावा. खर्च फार नाही.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण कीव करून म्हणतो. पण जेवढे पेलते तेवढेच बिऱ्हाड बाळगणारा वाटेल तेथे जाऊ शकतो, हे त्यातले शहाणपण आपण घ्यावे.

— तृतीय वर्ष कला