वेड मोजून नेलं, औषध कोण आणणार?



पावसाळा सरल्यावर शहरातून एक पथक आपल्या पाड्यांवर आलं. आदिवासींमध्ये वेडाचं प्रमाण किती, हे शोधायचं म्हणे. हातात छापील फॉर्म, बोलणं पुस्तकी. ग्रामसभेला विचारलं नाय. म्हातारीला प्रश्न केला, "इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुम्हाला येतात का?" ती म्हणाली, "येतात की. मेलेला नवरा पेरणीला हाक मारतो." झालं, फॉर्मवर खूण!

मेलेल्या माणसाची हाक ऐकणं आपल्यात वेड नाय. रात्री अंगात आलेला भगत सकाळी नांगर धरतो, तो वेडा कसा? पण जो महिनोन्‌महिने झोपत नाय, रानात पळतो, आपल्याच पोरांना भितो, तो आजारी आहे. हा आजार खरा आहे, सगळ्या जातींत, सगळ्या देशांत होतो. मात्र मेंदूत चढलेला मलेरियाही माणसाला बरळायला लावतो. रोजची दारू एकदम सुटली तरी भास होतात. रक्त न तपासता फॉर्म भरणारा काय मोजणार?

आपलंही चुकतं. आजाऱ्याला दोराने बांधतो, कोंबडं कापतो, शेवटी एखाद्या विधवेला भुताळी ठरवतो. तिचा प्लॉट मग कोण कसतो ते बघा, म्हणजे भुताळी कोणी ठरवली ते कळेल. हे बंद करा.

आणि सरकार? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला. आपल्या दवाखान्यात गोळी मागा, नाय म्हणतात.

यात जमिनीचा काय संबंध? पथकाने नावं लिहून नेली. उद्या दाव्याच्या वेळी कोणी म्हणालं, हा वेडा, याचा जबाब धरू नका, तर? ध्यानात ठेवा, २००६ च्या वनहक्क कायद्यात आजाऱ्याचा हक्क जातो असं कुठेच लिहिलेलं नाय. पट्टा विकता येत नाय, आणि लग्न झालेल्यांचा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो.

म्हणून आमच्या मागण्या :

१) ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सर्वे नाय.
२) प्रश्न आपल्या बोलीत, नाव गुप्त.
३) आजार सापडला तर दर महिन्याला औषध, पाड्याजवळ.
४) काय सापडलं ते ग्रामसभेत येऊन वाचून दाखवा.

अभ्यासाला आमचा विरोध नाय, मोजून निघून जाणाऱ्यांना आहे. जमीन अशीच मोजली होती. कसली आम्ही, नकाशावर झाली फॉरेस्टची. आता डोकी मोजायची तर आमच्या अटीवर!