निजलेल्या माणसाची साखर उतरते तेव्हा



"साखरेची गोळी चालू झाल्यापासून झोप उडाली बघा," अशी तक्रार घेऊन बरीच मंडळी येतात. काहींच्या बाबतीत गोळीचा काही दोष नसतो. काहींच्या बाबतीत तो गोळीचाच असतो. आणि एका प्रकारात ही झोपमोड म्हणजे जिवावर बेतण्याआधी मिळालेली सूचना असते. आज बोलायचे आहे ते मुख्यतः त्या प्रकाराबद्दल.

गेल्या रब्बीत एक काकू मालकांना घेऊन आल्या. मालक साठीचे, अंगाने काटक, आजार आठ वर्षांचा. ते गप्पच होते, बोलत होत्या त्या काकू. "डॉक्टर, रात्री दोन-अडीचला हे दचकून उठतात. बनियन पिळून काढावी इतका घाम. काहीतरी बरळतात, मलासुद्धा ओळखत नाहीत. सकाळी विचारावं तर म्हणतात, डोकं दुखतंय, बाकी काही आठवत नाही." घरात अंगारा लावून झाला होता. शेजाऱ्यांचा संशय निराळाच, की म्हातारा चोरून घेतो.

मी विचारले, "गोळी कधी घेता?"

"सातला. बातम्या लागल्या की."

"आणि जेवण?"

यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती. मालक सातला गोळी घेत, वर कपभर चहा, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला जात. दारे धरून अकराला परत. मग अर्धी भाकरी, कधी तेवढीही नाही, की आडवे. साखर मोजायचे छोटे यंत्र घरी नेऊन रात्री दोनला बोटातले रक्त तपासायला सांगितले. नातवाने ते काम केले. साखर भरली ५२. सत्तरच्या खाली गेली की ती कमी धरतात.

घडत होते ते असे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला ढकलून इन्सुलिन बाहेर काढायला लावतात. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे गोळीला कळत नाही. ती आपले काम करतेच. त्यातली ग्लायबेनक्लामाइड तर फार वेळ चालते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना ती देणे टाळतात. इन्सुलिनच्या सुईचेही तेच. त्यात दिवसभर अंगमेहनत झाली असेल तर काम थांबल्यावरही कितीतरी तास स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात. पोटात दारू असेल तर एरवी रात्री साखर पुरवणारे यकृतही हात आखडते.

जागेपणी साखर उतरली तर हात थरथरतात, भूक लागते, छातीत धडधडते, आणि माणूस काहीतरी तोंडात टाकतो. निजलेल्याला ते कळत नाही. घाम, भयाण स्वप्ने, झोपेत ओरडणे, सकाळी जड डोके, या खुणा शेजारी निजणाऱ्यालाच आधी दिसतात. म्हणून हे लिहिणे रोग्यापेक्षा घरातल्या बायाबापड्यांसाठी जास्त आहे.

संकष्टीच्या दिवशी तर हे हमखास जमून येते. गोळी सवयीने सातला, आणि चंद्र उगवणार नऊ-साडेनऊला. उपास मोडू नका असे कोणी सांगितले तर मी वाद घालणार नाही, पण त्या दिवशी गोळी कधी आणि किती घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता, रात्री असे झाले तर काय करायचे? माणूस शुद्धीवर आहे, गिळू शकतो, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. यंत्र घरात नसले तरी थांबू नका, साखर कमीच आहे असे समजून चाला. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा तेवढीच द्या, आणि सावरल्यावर भाकरी-दूध खायला घाला. एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. काही मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज नावाचे औषध असते. ते घरातली साखर आतड्यात लवकर पचू देत नाही. अशा रोग्याला दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडरच लागते. गोळ्यांचे पाकीट आजच दिव्याखाली धरून वाचून घ्या.

शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनळीत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. या गोळ्यांनी उतरलेली साखर सलाईनने वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून दवाखान्यात ठेवून घेतले तर घरी नेण्याचा हट्ट धरू नका.

रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते, घसा कोरडा पडतो, हा प्रकार याच्या उलटा. तिथे साखर चढलेली असते. अशा वेळी झोप जाते म्हणून गोळी सोडली तर आजार आणखी वाढेल. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या मात्र मुद्दामच लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या रात्री घेत असाल तर सकाळी घेतल्या तर चालतील का, ते विचारा. बहुधा हो म्हणतील.

वजन उतरवणाऱ्या आठवड्याच्या सुईचीही हल्ली चौकशी होते. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही तिची नावे. तिने पोट सावकाश रिकामे होते. उशिरा आणि पोटभर जेवून लगेच आडवे झाले की जळजळ, मळमळ होऊन झोप जाते. ग्लिमेपिराइडच्या जोडीने ती घेतली तर साखर उतरण्याची भीती वाढते. पण चांगली बाजूही सांगायला हवी. लठ्ठ माणसाचा घोरता घोरता श्वास अडकतो, त्या आजारावर टिर्झेपाटाइड वापरायला अमेरिकेच्या औषध खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. वजन उतरले की श्वास मोकळा होतो. मात्र ती महाग आहे, आणि आमच्या काटक मालकांच्या कामाची नाही.

मालकांची गोळी बदलून दिली. पाण्याची पाळी असली की आधी जेवण, मग गोळी, मग शिवार, असे ठरले. खिशात गुळाचा खडा. महिन्याने काकू एकट्याच आल्या, घाम थांबला म्हणाल्या. अंगाऱ्याची पुडी उशाशी अजून आहे, काढू का, असे विचारत होत्या. म्हटले, असू द्या, पण शेजारी ग्लुकोजचा डबाही ठेवा.