फोनवर दिवसभर बोलणाऱ्यांसाठी बिनतारी हेडसेट



आपल्या हैदराबादच्या मराठी घरांत पूर्वी नोकरी म्हटले की रेल्वे, बँक, शाळा नाहीतर सरकारी कचेरी. आता प्रत्येक दोन-तीन घरांमागे कोणी ना कोणी दिवसभर फोनवर बोलून पगार मिळवते. विमा, बँकेची ग्राहक सेवा, दवाखान्याची अपॉइंटमेंट, सॉफ्टवेअरचा सपोर्ट, कामे अनेक, पण हत्यार एकच: हेडसेट. आणि आपण हे हत्यार निवडतो कसे? सेल लागला, रंग आवडला, चार स्टार दिसले की घेतले! म्हणून या महिन्याचा लेख ऑफिसच्या फोनसाठी लागणाऱ्या बिनतारी हेडसेटवर.

विषय सुचला तो आमच्या वहिनींमुळे. त्या एका खासगी कंपनीच्या ग्राहक सेवेत आहेत. तीन दिवस माधापूरला ऑफिसात, तीन दिवस काचीगुड्याच्या घरातून काम. रोज साधारण सहा तास बोलणे. गेल्या वर्षी त्यांच्या कॉलच्या तपासणीत ‘आवाज अस्पष्ट’ असा शेरा वारंवार येऊ लागला, त्याचे गुण कापले जाऊ लागले आणि दर तिमाहीचा इन्सेंटिव्ह अडकला. दुसरीकडे रात्री उजव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, आवाज कमी ठेवा, एकाच कानावर भार नको, मध्ये मध्ये कानाला विश्रांती द्या. दादा वाढदिवसाला गाण्यांचे महागडे हेडफोन आणायला निघाला होता. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, मला गाणी नाही ऐकायची. समोरच्याला मी नीट ऐकू यायला हवी, आणि माझा कान शाबूत राहायला हवा.” हेडसेट निवडण्याची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही जाहिरातीत सापडलेली नाही.

पहिला प्रश्न: हेडसेट जोडायचा कशाला? टेबलावरचा फोन, कॉम्प्युटर की मोबाइल? टेबलावरच्या फोनला बिनतारी हेडसेट जोडायचा तर त्याबरोबर एक बेस येतो. तो फोन आणि रिसीव्हर यांच्या मध्ये जोडला जातो. पण अडचण पुढे आहे. तुम्ही जागेवरून उठलात आणि फोन वाजला, तर रिसीव्हर उचलणार कोण? त्यासाठी दोन सोयी असतात. एक म्हणजे रिसीव्हर खरोखर वर उचलणारा छोटा मोटरचा हात. दुसरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक हुक स्विचची केबल, जी फोनला ‘रिसीव्हर उचलला’ असा इशारा देते. ही केबल प्रत्येक कंपनीच्या फोनसाठी वेगळी असते. म्हणून टेबलफोनसाठी खरेदी करताना आधी फोनच्या मागचा मॉडेल नंबर लिहून न्यावा.

कॉम्प्युटरवरून कॉल होत असतील तर हेडसेटबरोबर त्याच कंपनीचा यूएसबी डोंगल घ्यावा. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असतेच, मग डोंगल कशाला, असे सगळे विचारतात. डोंगलमुळे कॉम्प्युटर त्या हेडसेटकडे सरळ यूएसबी साउंड कार्ड म्हणून पाहतो. जोडणी स्थिर राहते आणि कॉल उचलण्याची व म्यूटची बटणे सहसा नीट चालतात. मोबाइलला मात्र थेट ब्लूटूथ पुरते. वहिनींसारखे लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही वापरणारे असाल, तर ‘मल्टिपॉइंट’ आहे का ते पाहा. त्यात हेडसेट एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेला राहतो.

दुसरा प्रश्न रेडिओचा. ऑफिसचे बिनतारी हेडसेट मुख्यतः दोन जातींचे: ब्लूटूथ आणि डेक्ट. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. त्याच पट्ट्यात वायफाय असते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच गोंधळ घालतो. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाहिनी बदलून वाट काढते, तरी गर्दीत आवाज तुटू शकतो. साधा पल्ला १० मीटर धरावा. चांगल्या डोंगलने तो वाढतो, पण विटांच्या भिंती आल्या की पुन्हा घटतो.

डेक्ट हे मुळात कॉर्डलेस फोनचे तंत्र. ते वायफायच्या गर्दीपासून दूर, स्वतःच्या वेगळ्या पट्ट्यात चालते. पल्ला मोकळ्या जागेत १०० मीटरपर्यंत जातो. मात्र बेस एका जागी विजेला जोडून ठेवावा लागतो आणि त्याच दर्जाच्या ब्लूटूथ हेडसेटपेक्षा हा महाग पडतो. दिवसभर एकाच ऑफिसात बसून, मधूनच उठून कपाटातली फाइल काढायला जाणाऱ्यांना डेक्ट उत्तम. घर-ऑफिस ये-जा करणाऱ्यांना ब्लूटूथ सोयीचे.

इथे एक इशारा, कारण आपल्या मंडळींत अमेरिकेत मुले-नातवंडे असलेली घरे पुष्कळ आहेत. अमेरिकेतला डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, युरोपातला १८८० ते १९०० वर. आपल्याकडे १९२० पासून पुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांच्या सेवेसाठी आहे. म्हणजे तिकडून प्रेमाने आणलेला डेक्ट हेडसेट इथे लावला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलच्या वाटेत आपण काटे पेरतो. तेव्हा “येताना हेडसेट आण” असे सांगणार असाल तर ब्लूटूथचाच सांगा. डेक्ट घ्यायचा झाला तर भारतात विक्रीसाठी मंजूर असलेलाच, बिलासह घ्यावा.

आता दादाच्या गाण्यांच्या हेडफोनकडे येऊ. ते वाईट नसतात, पण त्यांचे काम वेगळे. ब्लूटूथ हेडफोन गाणी वाजवताना एका पद्धतीने चालतात आणि माइक सुरू झाला की बहुतेक वेळा दुसऱ्या, फोनच्या पद्धतीवर जातात. त्यात आवाज दोन्ही दिशांनी न्यायचा असल्याने दर्जा घसरतो. गाण्यात सतार खुलून ऐकवणारा हेडफोन मीटिंगमध्ये डब्यात बोलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. शिवाय जुन्या टेलिफोनच्या वाटेने मुळात ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. त्या वाटेवर दणदणीत बासचे पैसे मोजून उपयोग काय? एचडी व्हॉइसमध्ये ही मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत वाढते, म्हणून हेडसेटवर ‘वाइडबँड’ लिहिलेले असावे. तेवढे फोनला पुरे.

तिसरी गोष्ट ‘नॉइज कॅन्सलिंग’. या दोन शब्दांनी सर्वांत जास्त फसगत होते, कारण त्यांचे अर्थ दोन आहेत. एएनसी म्हणजे तुमच्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी करणे. त्याने तुम्हाला शांत वाटते, पण पलीकडच्या माणसाला तुमच्या घरातला कुकर ऐकू येतोच! पलीकडच्यासाठी माइकचे नॉइज कॅन्सलिंग हवे. आणि त्यातही सगळ्यात मोठा फरक पडतो तो माइक तोंडापासून किती जवळ आहे याचा. अंतर निम्मे केले की तुमचा आवाज माइकवर सुमारे ६ डेसिबलने वाढतो, कुकरचा मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच कानात बसणारे छोटे इअरबड्स गल्लीच्या गोंगाटात हरतात आणि तोंडाजवळ दांडी येणारा साधा हेडसेट जिंकतो. दांडीचे टोक ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर ठेवावे. अगदी समोर ठेवले तर श्वासाचे फटके ऐकू येतात.

याच्या जोडीला ‘साइडटोन’ नावाची सोय पाहा. त्यात आपलाच आवाज आपल्याला हळूच ऐकू येतो. दोन्ही कान झाकलेले असताना ही सोय नसेल तर माणूस नकळत ओरडून बोलतो आणि संध्याकाळी घसा बसतो.

आता कान, जो दुकानात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला १० तास. सहा दिवस सहा-सहा तास फोनवर असणाऱ्याला यात फार मोकळीक उरत नाही. आवाज आपण का वाढवतो? बहुधा समोरचा हळू बोलतो म्हणून नाही, तर भोवतालचा गोंगाट त्याला गिळतो म्हणून. एका कानाचा हेडसेट असला की दुसऱ्या कानातून रस्ता आत शिरतो आणि पहिल्या कानाचा आवाज वर चढतो. वहिनींचे तेच होत होते. गोंगाटाच्या जागी दोन कानांचा हेडसेट घ्या, आवाज खाली राहतो. शांत केबिनमध्ये बसून मधूनच सहकाऱ्यांशी बोलावे लागत असेल तर एका कानाचा चालेल, पण दुपारी कान बदलावा.

डोक्यावर सहा तास राहणारी वस्तू आहे, हेही विसरू नये. चष्म्याची काडी, कानातल्या कुड्या, अंबाडा, या सगळ्यांसह घालून पाहा. आपल्या उन्हाळ्यात रेक्झिनच्या कुशनखाली घाम साचतो. कापडी किंवा फोमचे कुशन बरे वाटते. कुशन वेगळे विकत मिळते का, हे दुकानातच विचारा. तेच आधी फाटते. बॅटरीचे तास वाचताना ‘टॉक टाइम’ पाहा. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो बहुधा गाणी ऐकण्याचा वेळ. तुमच्या पाळीपेक्षा दोन तास जास्त टॉक टाइम धरा, कारण बॅटरी वर्षागणिक थकत जाते.

कोठी किंवा सिकंदराबादच्या सीटीसीत जाल, नाहीतर ऑनलाइन मागवाल, पण परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि पहिल्याच दिवशी घरी परीक्षा घ्या. पंखा पूर्ण वेगाने, कुकर गॅसवर, खिडकी उघडी, आणि एखाद्या नातलगाला फोन करून दहा आकडी नंबर वाचून दाखवा. त्याने न विचारता बरोबर लिहून घेतला तर हेडसेट पास. मग फोन चालू ठेवून स्वयंपाकघरापर्यंत चालत जा. आवाज कुठे तुटतो ते कळते.

वहिनींनी शेवटी दांडीच्या माइकचा, दोन कानांचा, डोंगलसह येणारा ब्लूटूथ हेडसेट घेतला, दादाने पाहिलेल्या हेडफोनच्या निम्म्याहून कमी किमतीत. पुढच्या दोन तपासण्यांत तो शेरा आला नाही. कानातली शिट्टी कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही, आणि डॉक्टरांकडे जाणे चालू आहे. चांगले यंत्र पुढचे नुकसान टाळते, झालेले भरून देत नाही. म्हणून सांगतो, रात्री कानात आवाज येत असेल तर हेडसेट बदलण्याच्या आधी कान दाखवून या.

आणि मंडळाच्या ज्या सभासदांची छोटी ऑफिसे आहेत, त्यांना एक विनंती. फोनवर बसणाऱ्या मुलामुलींना खुर्ची देता, तसा बरा हेडसेटही द्या, आणि तासाभराने पाच मिनिटे तो काढून ठेवायला सांगा. तुमच्या गिऱ्हाइकाला आवाज स्वच्छ जाईल आणि त्या मुलांना चाळिशीनंतरही घरच्यांची हाक पहिल्यांदाच ऐकू येईल.