खुळ्या रोपाची हकीकत



परवा पन्हाळ्याकडच्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जपानच्या यानानं लघुग्रहावरची माती आणली. तिचा आपल्याला काय उपयोग?" हायाबुसा-2 हे यान 2014 साली निघाले आणि 2020 च्या डिसेंबरात रियुगू नावाच्या लघुग्रहावरची जेमतेम 5.4 ग्रॅम माती घेऊन परतले. प्रश्न रास्त होता आणि मला सरळ उत्तर देता येईना. म्हणून तिला जपान्यांच्याच एका जुन्या शोधाची हकीकत सांगितली. तीच आज इथे देतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी गगनबावड्याकडच्या एका शेतकऱ्याने मला आपला भाताचा तरवा दाखवला. "साहेब, ही रोपं बघा की. बाकीच्यांच्या डोईवरनं गेल्यात." खरोखरच काही रोपे वीतभर उंच होती. मी शाबासकी दिली. रंग पिवळट आहे, काडी लुकडी आहे, हे बी.एस्सी. झालेल्या डोळ्यांना दिसले नाही! लावणीनंतर त्यातली बरीच रोपे मेली. जगली त्यांच्या लोंबीत दाणा भरला नाही. त्याच खाचरातले बी त्यांनी धरले आणि पुढच्या वर्षी तरव्यात असली रोपे कितीतरी वाढली.

हा बुरशीचा रोग. जपानी शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणत, म्हणजे खुळे रोप. 1926 साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात, एक साधा प्रयोग केला. ही बुरशी द्रवात वाढवली, मग गाळून काढून टाकली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. तीही तशीच भराभर उंच झाली. म्हणजे रोप वाढवते ते बुरशीने सोडलेले द्रव्य. 1935 साली याबुता यांनी त्याला 'जिबरेलिन' हे नाव दिले आणि 1938 साली त्यांनी व सुमिकी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. पुढे 1950 च्या दशकात कळले की निरोगी झाडेही हे द्रव्य स्वतःपुरते तयार करतात.

तासगावकडच्या बागायतदारांनी एव्हाना ओळखले असेल. आपले 'जी.ए.' ते हेच. द्राक्षाच्या मण्याला हे द्रव्य बीकडून मिळते. बिनबियांच्या जातीत बीच नाही, म्हणून मणी लहान राहतो, घड जी.ए.मध्ये बुडवला की तो फुगतो. 1 ग्रॅम भुकटी 100 लिटर पाण्यात टाकली की 10 पीपीएमचे द्रावण होते. इतक्या थोडक्यात काम होणारी वस्तू चमच्याने अंदाजे मोजू नका. भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी. मात्रा चढली तर देठ जाड होतात आणि पुढच्या हंगामात घड कमी लागण्याची भीती राहते.

भातात याची उलटी बाजू पाहा. जुन्या उंच जाती युरिया दिला की आडव्या पडत. आय.आर. 8 सारख्या बुटक्या जाती का पडत नाहीत, याचा उलगडा जपानी व इतर शास्त्रज्ञांनी 2002 साली केला. त्यांच्यात जिबरेलिन कमी तयार होते, एवढेच!

आता तरव्याचे. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता. तरंगणारे पळिंज काढून टाका, तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. 1953 पासून आपल्याकडे आलेल्या जपानी भातलागवडीत मिठाच्या पाण्याची ही निवड होतीच. पण मिठाने बुरशी मरत नाही, तेव्हा शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकही चोळा. तरीही पिवळी उंच रोपे दिसलीच तर ती उपटून जाळा आणि त्या खाचरातले बी धरू नका.

गगनबावड्याचे ते शेतकरी आता थकले आहेत. शेती मुलगा बघतो. माझ्यावर त्यांनी कधी राग धरला नाही. मात्र त्यांच्या शिवारात असल्या रोपाला अजून 'सायबाचं रोप' म्हणतात.